ठाण्यातल्या फ्लॅटमधले होम थिएटर: आधी मोजमाप, मग उपकरणे

घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीतील दिवाणखान्यात बसवून घेतलेल्या सराउंड साउंड यंत्रणेचे हे परीक्षण आहे. त्यात उपकरणांइतकीच, किंबहुना अधिक, चर्चा ती बसवून देणाऱ्या नौपाड्यातील एका लहान व्यावसायिकाच्या कामाची आहे. साडेतीन लाखांच्या आत बसलेल्या या खर्चात मिळालेला आवाज मला मनापासून आवडला आणि त्यामागचे मुख्य कारण असे, की या माणसाने कोणतेही उपकरण सुचवण्याआधी खोली मोजली. आपल्याकडे होम थिएटर घेताना स्पीकर किती, वॅट किती आणि सूट किती, या तीन प्रश्नांतच बोलणी संपतात. खोलीचा प्रश्न सगळी खोकी घरी येऊन पडल्यावर निघतो आणि तोवर बऱ्याच गोष्टी हाताबाहेर गेलेल्या असतात.

आमचा हॉल ठाण्यातल्या नव्या इमारतींमध्ये सर्रास आढळतो तसाच आहे: लांबी 18 फूट, रुंदी साडेदहा फूट, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, एका टोकाला रस्त्याच्या बाजूची मोठी सरकती खिडकी आणि दुसऱ्या टोकाला जेवणाचे टेबल व स्वयंपाकघराकडे जाणारी मोकळी जागा. टीव्ही लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला चिकटून, ही मांडणीही नेहमीचीच. अशा खोलीत दोन अडचणी असतात. एक म्हणजे टाइल्स, काच आणि उघड्या भिंती यांवरून आवाज परत परत आपटून संवाद अस्पष्ट होतात. दुसरी अडचण खालच्या स्वरांची, म्हणजे बासची. साडेदहा फुटांच्या रुंदीत सुमारे 54 हर्ट्झचा आणि 18 फुटांच्या लांबीत सुमारे 31 हर्ट्झचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमतो, त्यामुळे काही ठिकाणी बास फुगतो तर काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. हा भौतिकशास्त्राचा भाग असल्यामुळे महागड्या उपकरणांचीही त्यातून सुटका नाही.

या व्यावसायिकाकडे जाण्यापूर्वी एका मोठ्या दुकानात आम्हाला 7.1.4 मांडणी सुचवण्यात आली होती. पहिला आकडा कानांच्या पातळीवरील स्पीकरांचा, दुसरा सबवुफरचा, म्हणजे केवळ खालचे स्वर वाजवणाऱ्या पेटीचा, आणि तिसरा छतातील स्पीकरांचा असतो. डॉल्बी अ‍ॅटमॉस हे तंत्र चित्रपटगृहांत 2012 मध्ये आणि घरगुती उपकरणांत 2014 मध्ये आले. त्यात प्रत्येक आवाज ठरावीक स्पीकरला न बांधता त्याचे अवकाशातील स्थान नोंदवलेले असते आणि उपलब्ध स्पीकरांनुसार तो कोठून वाजवायचा हे रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर, ठरवतो. त्यामुळे स्पीकर जितके अधिक तितके स्थान अधिक नेमके, हे तत्त्वतः खरे आहे. परंतु सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर 7.1 मधील मागचे दोन स्पीकर ठेवायचे कोठे, याचे उत्तर त्या दुकानात कोणाकडेही नव्हते. नौपाड्यातील गृहस्थ घरी आले तेव्हा त्यांनी लेझर मीटरने अंतरे घेतली, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानांची उंची भिंतीवर कागदी टेपने खुणावली आणि माझ्या पत्नीला विचारले, "वहिनी, सोफा सव्वा-दीड फूट पुढे आला तर चालेल का, ते आधी सांगा, बाकी सगळं त्यावर ठरेल." सोफा सव्वा फूट पुढे आला. मांडणी 5.1.2 ठरली. दोन स्पीकर आणि त्यांच्या तारा कमी विकल्या जातील, याची त्यांनी पर्वा केली नाही, ही गोष्ट मला या व्यवसायात दुर्मिळ वाटते.

रिसीव्हर म्हणून डेनॉनचा एव्हीआर-एक्स2800एच घेतला. तो सात चॅनेलचा असून आठ ओहमच्या भारावर, दोन चॅनेल चालू असताना, प्रत्येकी 95 वॅट अशी त्याची नोंदलेली क्षमता आहे. पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचे, फुगवलेले हजारोंचे आकडे छापलेल्या खोक्यांच्या बाजारात 95 हा आकडा किरकोळ वाटेल, म्हणून थोडे गणित मांडतो. आठ फुटांवर बसणाऱ्यासाठी, 88 डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे एका वॅटमध्ये एक मीटरवर 88 डेसिबल देणारा) स्पीकर एका वॅटमध्ये साधारण 80 डेसिबल आवाज देतो. रिसीव्हरचा आवाज उणे 20 वर, म्हणजे चित्रपटगृहाच्या संदर्भ पातळीपेक्षा 20 डेसिबल खाली, ठेवला, आणि आमच्या घरात तो याहून वर क्वचितच जातो, तर मुख्य चॅनेलमधील सर्वांत मोठे धमाकेही 85 डेसिबलच्या आसपास राहतात. त्यासाठी तीनएक वॅट पुरतात. खालचे, सर्वाधिक शक्ती खाणारे स्वर सबवुफरकडे वळवले की रिसीव्हरवरचा भार आणखी हलका होतो. त्यामुळे वॅटसाठी जास्तीचे पैसे मोजण्याऐवजी खोलीनुसार आवाज दुरुस्त करणारी प्रणाली कोणती आहे, हे पाहणे शहाणपणाचे. या रिसीव्हरमध्ये ऑडिसीची मल्टइक्यू एक्सटी आहे. त्याच मालिकेतील वरच्या एक्स3800एचमध्ये अधिक बारकाईने काम करणारी एक्सटी32 मिळते आणि ज्यांना पुढे दुसरा सबवुफर जोडायचा आहे त्यांनी तिचा विचार जरूर करावा. एका सबवुफरच्या आमच्या हॉलसाठी किमतीतील फरक मला समर्थनीय वाटला नाही.

स्पीकर वॉर्फडेलच्या डायमंड 12 मालिकेतील आहेत: समोर 12.1 ची जोडी, मध्यभागी 12.सी आणि बाजूंना लहान आकाराचे 12.0. एकाच मालिकेतील स्पीकर घेण्याचा आग्रह योग्य होता, कारण मोटार डावीकडून उजवीकडे जाताना तिचा आवाज मध्येच पालटला, तर सराउंडचा सगळा परिणाम तेथेच विरतो. या स्पीकरांचा पडदा पॉलिप्रॉपिलीन आणि अभ्रकाच्या मिश्रणाचा असून तो ओलावा शोषत नाही. चार महिने दमट हवेत काढणाऱ्या ठाण्यातल्या घरासाठी हा गुण कमी महत्त्वाचा नाही. समोरच्या दोन स्पीकरांमध्ये साडेसात फुटांचे अंतर ठेवल्यामुळे मधल्या आसनावरून प्रत्येकी सुमारे 25 अंशांचा कोन होतो, जो डॉल्बीने सुचवलेल्या 22 ते 30 अंशांच्या मर्यादेत आहे. बाजूचे स्पीकर कानांच्या रेषेपेक्षा थोडे मागे, साधारण 110 अंशांवर आणि डोक्याच्या थोडे वर, भिंतीवरील ब्रॅकेटवर बसवले आहेत.

सर्वाधिक काळजी मात्र मधल्या स्पीकरची घेतली गेली आणि ती घ्यायलाच हवी, कारण चित्रपटातील बहुतेक सगळे संवाद तोच बोलतो. सुताराने टीव्हीखालच्या युनिटमध्ये त्यासाठी एक सुबक कप्पा करून ठेवला होता. स्पीकर त्या कप्प्यात आत सरकवला की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, हे त्यांनी प्रत्यक्ष ऐकवून दाखवले. नंतर तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूला खाली रबराच्या दोन पाचरी सारल्या आणि स्पीकरच्या माथ्यावर ठेवलेल्या लेझरचा लाल ठिपका मागच्या भिंतीवरील कागदी टेपच्या खुणेवर येईपर्यंत त्या पाचरी एकेक पाव इंच पुढेमागे केल्या. एवढ्या साध्या फेरफाराने 'स' आणि 'श' ऐकताना वेगळे होऊ लागले. ज्या घरातील ज्येष्ठांना गडकरी रंगायतनात नटाचा शब्द न् शब्द ऐकण्याची सवय आहे, त्यांच्या दृष्टीने होम थिएटर चांगले की वाईट याचा निकाल येथेच लागतो.

सबवुफरच्या बाबतीत 'नाकापेक्षा मोती जड' अशी अवस्था अनेक फ्लॅटमध्ये झालेली मी पाहिली आहे. आम्ही एसव्हीएसचा एसबी-1000 प्रो घेतला. 12 इंची ड्रायव्हर, 325 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि बंद पेटी. छिद्र असलेली मोठी पेटी तळाच्या स्वरांत अधिक जोर देते हे खरे, पण ती जागा बरीच अडवते आणि लहान खोलीत भिंती आपण होऊनच खालच्या स्वरांना उचलून धरत असल्यामुळे बंद पेटीची उणीव तितकी भासत नाही. शिवाय फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा प्रश्न असतोच. खालच्या मजल्यापर्यंत जो त्रास पोहोचतो, त्यातला काही भाग पेटीच्या पायांतून थेट स्लॅबमध्ये उतरणाऱ्या कंपनाचा असतो. तो कमी करण्यासाठी पेटीखाली मऊ रबराचे खास पाय बसवले आहेत. हवेतून जाणारा बास त्याने थांबत नाही, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले, त्यामुळे भलत्या अपेक्षा राहिल्या नाहीत. सबवुफरची जागा शोधण्याची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे: पेटी तात्पुरती सोफ्यावर, ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायची, बासची एखादी सलग ओळ वाजवायची आणि आपण जमिनीलगत रांगत जेथे तो आवाज सर्वांत एकसारखा येतो ती जागा हेरायची. आमच्याकडे ती टीव्ही युनिटच्या डाव्या बाजूला, कोपऱ्यापासून थोडी अलीकडे निघाली.

छतातील दोन स्पीकरांऐवजी समोरच्या स्पीकरांवर ठेवायचे, वर तोंड असलेले स्पीकर स्वस्तात पडले असते. ते छतावरून आवाज परावर्तित करून वरून आल्याचा भास निर्माण करतात आणि त्यासाठी छत सपाट व कठीण असावे लागते. आमच्याकडे फॉल्स सीलिंगला दिव्यांसाठी पायऱ्या काढलेल्या असल्याने तो पर्याय बाद झाला. छतातील स्पीकर ऐकणाऱ्याच्या किंचित पुढे बसवले आहेत. जिप्सम बोर्डवर त्यांचे वजन न टाकता आतल्या लोखंडी चौकटीला आधार दिला आहे आणि मागे बंद डबा बसवल्यामुळे पोकळीत घुमणारा आवाज आणि वरच्या घरात होणारी गळती, दोन्ही कमी झाली. तारा शुद्ध तांब्याच्या, 14 गेजच्या आहेत. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारा तांब्याच्या म्हणून सहज खपवल्या जातात. चाकूने टोक खरवडले की आतली पांढरी धातू दिसते, ही परीक्षा प्रत्येक ग्राहकाने स्वतः करावी.

आता मोजमापाविषयी. हे काम सकाळी लवकर करण्यात आले, कारण नंतर घोडबंदरवरील अवजड वाहनांची घरघर खिडकी बंद करूनही आत येते आणि ती नेमकी खालच्या स्वरांत मिसळते. पंखे, एसी आणि फ्रिजसुद्धा बंद केला. रिसीव्हरसोबत येणारा लहान मनोऱ्यासारखा मायक्रोफोन सोफ्याच्या पाठीवर न ठेवता तिवईवर, कानांच्या उंचीला उभा केला गेला. प्रत्येक स्पीकरमधून चिवचिवाटासारखा चाचणीचा आवाज येतो, मग मायक्रोफोन हलवायचा आणि पुन्हा तेच, अशा आठ जागांपर्यंत मोजता येते. यातील पहिली जागा सर्वांत महत्त्वाची, कारण स्पीकरांची अंतरे आणि पातळ्या तिच्यावरूनच ठरतात. बाकीच्या जागा मुख्य आसनाच्या आसपासच घ्याव्यात, हॉलभर फिरू नये.

या स्वयंचलित मोजणीवर काम संपवणारे अनेक असतात. नौपाड्यातील या गृहस्थांनी त्यानंतर स्वतःचा मोजणीचा मायक्रोफोन लॅपटॉपला जोडून रूम ईक्यू विझार्ड या मोफत संगणकप्रणालीत आलेख काढले आणि ते आम्हाला समजावून सांगितले. सोफा भिंतीला टेकलेला असतानाच्या आलेखात 54 हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 107 च्या आसपास, असे दोन उंच फुगवटे स्पष्ट दिसत होते. सोफा पुढे घेतल्यावर दुसरा फुगवटा जवळजवळ सपाट झाला. पहिला मात्र थोडाच उतरला, कारण त्या स्वराची तरंगलांबी सव्वा फुटांना दाद देण्याइतकी लहान नसते. तो सबवुफरच्या अ‍ॅपमधील इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, खाली आणावा लागला. 31 हर्ट्झला खोलीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्यासाठी मोठा खड्डा पडतो आणि तो इक्वलायझरने भरून निघत नाही. जेवणाच्या टेबलामुळे आमचा टीव्ही आणि सोफा मध्यापासून तीनएक फूट बाजूला असल्याने तो खड्डा आम्हाला सौम्य लागला. ज्यांचा सोफा नेमका मध्यावर आहे आणि ज्यांना धमाक्यांत दम जाणवत नाही, त्यांनी नवा सबवुफर घेण्याआधी दोन फूट बाजूला बसून ऐकावे.

त्यानंतर हाताने केलेल्या दुरुस्त्या थोड्या पण मोलाच्या होत्या. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' ठेवून 80 हर्ट्झखालचे स्वर सबवुफरकडे दिले. रिसीव्हरने सबवुफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त दाखवले, पण ते बदलले नाही. सबवुफरमधील संगणकीय प्रक्रियेला लागणारा वेळ त्या आकड्यात धरलेला असतो आणि टेपने मोजलेले अंतर भरले तर मेळ बिघडतो. ऑडिसी 2 किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम थोडी घसरण ठेवते, ती वेगळ्या सशुल्क अ‍ॅपमधून बंद केल्यावर संवाद आणखी पुढे आले.

टीव्हीमधील ओटीटी अ‍ॅपचा आवाज एचडीएमआयच्या ईएआरसी जोडणीतून रिसीव्हरकडे येतो. ओटीटीवरील अ‍ॅटमॉस हे डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून पाठवलेले असते, तर ब्ल्यू-रे तबकडीवर ते ट्रूएचडीमध्ये, काहीही न गमावता मिळते. फरक ऐकू येतो, विशेषतः शांत प्रसंगांतील वातावरणाच्या आवाजात. तरी ओटीटीचा दर्जाही रोजच्या पाहण्यासाठी समाधानकारक आहे.

प्रत्यक्ष ऐकताना सर्वांत आधी जाणवते ते धमाक्यांचे सामर्थ्य नव्हे, तर संवादांसाठी रिमोट हातात घेऊन बसावे लागत नाही, ही गोष्ट. जंगलातील पावसाच्या प्रसंगात थेंब आधी वर, मग पानांवर आणि मग मागे पडत जातात, आणि स्पीकर नेमके कोठे आहेत याचा विसर पडतो. क्रिकेटच्या प्रक्षेपणात प्रेक्षकांचा गलका बाजूंनी येतो आणि समालोचन मध्यभागी सुटे राहते. संगीत मी केवळ दोन स्पीकर आणि सबवुफरवर ऐकतो: डग्ग्याची घुमारी आता थापेनंतर रेंगाळत नाही, तिचा चढउतार कळतो, आणि नाट्यसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रणातील ऑर्गन गायकाच्या मागे, आपल्या जागी राहतो. 54 हर्ट्झचा तो फुगवटा उतरल्याचा लाभ चित्रपटापेक्षा येथे अधिक मिळाला, असे माझे मत आहे. सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसणाऱ्यांना मात्र मधल्याइतका समतोल मिळत नाही. एका सबवुफरच्या मांडणीत ही मर्यादा राहणारच.

रात्रीच्या ऐकण्याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी खालच्या मजल्यावर लहान मूल झोपलेले असताना जमीन हादरवणे शोभत नाही. आवाज कमी केला की कानांना खालचे स्वर प्रमाणापेक्षा अधिक कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवले. रिसीव्हरमधील डायनॅमिक ईक्यू ही तूट भरून काढते, त्यामुळे हळू आवाजातही चित्रपट पोकळ वाटत नाही. या सोयीत बाजूचे स्पीकर किंचित जास्त बोलू लागतात, म्हणून तिचा जोर कमी करणारी संदर्भ पातळी (रेफरन्स लेव्हल ऑफसेट) 10 डेसिबलवर ठेवली आहे. रात्री दहानंतर सबवुफरची पातळी अ‍ॅपमधून उतरवणे हा आता आमच्या घरचा नियम झाला आहे.

सेवेत उणिवा नव्हत्या असे नाही. मागच्या भिंतीवर तारा झाकणाऱ्या पट्ट्यांचा रंग भिंतीशी जुळत नाही आणि तो जुळवून देण्याचे आश्वासन बरेच लांबले. मोजणीचे आलेख आणि अंतिम सेटिंगांची नोंद मागितल्यावरच मिळाली. वास्तविक ती प्रत्येक ग्राहकाला आपण होऊन दिली पाहिजे, कारण वीज गेल्यानंतर किंवा सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर सेटिंगे पालटली तर तोच एक आधार असतो. मांडणी, वायरिंग आणि मोजणी मिळून त्यांनी घेतलेले शुल्क एकूण खर्चाच्या सात टक्क्यांच्या आसपास होते. ठाण्यात बसवण्याचे काम फुकट करून देणारे विक्रेते आहेत, त्यांच्या तुलनेत हे जास्त वाटू शकते. माझ्या मते ते वाजवी आहे, आणि अंदाजपत्रक ताणले जात असेल तर छतातील दोन स्पीकर पुढच्या वर्षावर ढकलावेत, पण मोजणी वगळू नये. हॉलमध्ये जाड पडदे आणि सोफ्यापुढे गालिचा आल्यावर पुन्हा एकदा मोजणी करून देण्याचे त्यांनी पावतीवर लिहून दिले आहे. पडदे शिवायला टाकले आहेत.